वाचक विचारतात : भुतांची जुनी कॉमिक्स, नवी छपाई

मागच्या अंकात मी माझ्या घरातल्या एका लोखंडी कपाटाविषयी लिहिलं होतं. त्यात १९५०च्या आसपासच्या अमेरिकन भय-कॉमिक्सची पुनर्मुद्रणं आहेत आणि कॉमिक्सच्या इतिहासावरची पुस्तकं आहेत. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातल्या काहींना इथे उत्तर देते. तो लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की मी सोलापूरची, भवानी पेठेत राहते. चादरीच्या कारखान्यात जकार्डची डिझाईनं ग्राफ कागदावर चौकोन चौकोन भरून काढण्याचं काम मी सव्वीस वर्षं केलं. त्यामुळे कुठलंही पान समोर आलं की माझी नजर आधी रेषेवर आणि रंगावर जाते, गोष्टीवर नंतर.

ताई, मूळ अंक हातात नसताना नुसती पुनर्मुद्रणं जमवण्यात काय अर्थ आहे? मित्र म्हणतात, हा संग्रहच नव्हे. आणि सुरुवात करायची तर कुठून करू?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, मंगळवेढा

तुमच्या मित्रांना विचारा, संग्रह कशाचा करायचा, कागदाचा की गोष्टींचा? ही कॉमिक्स दहा सेंटला विकली जात होती. वाचून टाकून द्यायची वस्तू म्हणूनच ती स्वस्त कागदावर छापली होती. आज त्यातला चांगल्या स्थितीतला मूळ अंक बहुधा कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद असतो, वर गुणांची चिठ्ठी लावलेली असते आणि तो उघडला की किंमत पडते. मला उघडता येणारं पुस्तक हवं. रात्री जेवणं उरकल्यावर मांडीवर घेऊन वाचता येईल असं.

पण सगळी पुनर्मुद्रणं सारखी नसतात, आणि हे तुम्ही पैसे खर्च करण्याआधी समजून घ्या.

भय-कॉमिक्समध्ये सगळ्यात नावाजलेली प्रकाशनसंस्था ईसी, म्हणजे एंटरटेनिंग कॉमिक्स. तिचे मालक मॅक्स गेन्स १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात गेले आणि त्यांचा मुलगा विल्यम गेन्स याच्या गळ्यात हा धंदा पडला. त्याने आणि त्याचा संपादक अल फेल्डस्टीनने मिळून १९५० मध्ये ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हॉन्ट ऑफ फिअर’ अशी तीन भय-मासिकं उभी केली. बाकीचे प्रकाशक छपाई झाली की मूळ चित्रं फेकून देत, कापून टाकत, वाटून टाकत. गेन्सने ईसीची जवळजवळ सगळी मूळ पानं जपून ठेवली. या एका सवयीमुळे रस कॉकरन या प्रकाशकाला १९७८ पासून ईसीचा अख्खा संच, खोक्यात घातलेल्या मोठ्या आकाराच्या जाड पुठ्ठ्याच्या खंडांत, त्या मूळ चित्रांवरून काळ्या-पांढऱ्यात छापता आला. शाईच्या कुंचल्याचा शेवटचा केससुद्धा दिसतो त्यात. ग्रॅहम इंगल्स हा चित्रकार सडलेली प्रेतं आणि लाळ गळणाऱ्या म्हाताऱ्या काढायचा, आपल्या चित्रांखाली ‘घॅस्टली’ अशी सही करायचा. त्याची रेष ओली वाटते. ती ओल जुन्या दहा सेंटच्या अंकात तुम्हाला दिसलीच नसती, कारण तिथल्या कागदाने शाई पिऊन टाकलेली असे. म्हणून मी म्हणते, काही वेळा पुनर्मुद्रण मुळापेक्षा मुळाच्या जवळचं असतं.

ईसी सोडून इतर डझनभर प्रकाशकांच्या भय-कॉमिक्सची गोष्ट उलटी. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनाचा स्वामित्वहक्क अठ्ठावीस वर्षांनी अर्ज करून पुन्हा नोंदवावा लागे. यातल्या कित्येकांनी तो नोंदवलाच नाही. धंदाच उरला नव्हता, अर्ज कोण करणार! त्यामुळे ती पानं आता कोणीही छापू शकतो. मूळ चित्रं हाती नसतात, म्हणून जुन्या अंकाची पानं स्कॅन करून छापतात. मन लावून केलेलं काम छान असतं, पण अंदाधुंद छापलेलंही बाजारात खूप आहे. चार वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून दोन हजारांचं जाड पुस्तक मागवलं. उघडलं तर पानं धूसर, अक्षरं वाचता येईनात, आणि दोन गोष्टींची शेवटची पानंच नव्हती. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, जुनं आहे, असंच असतं.” तसं नसतं. मागवण्याआधी आतल्या दोन-तीन पानांचे फोटो मागा, आणि फुग्यातली अक्षरं वाचता येतात का ते बघा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

सुरुवातीला एकच खंड घ्या, ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा कुठलाही. संच पूर्ण करायची घाई नको. मी १९९७ मध्ये पुण्याला लग्नाला गेले होते, तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे कॉकरननेच काढलेली सुटी पुनर्मुद्रणं मिळाली, दोन अंक, दोन्ही मिळून चाळीस रुपये. पुढची सहा वर्षं माझ्याकडे तेवढेच दोन होते. ते मला पाठ आहेत.

रंगीत आवृत्ती घ्यावी की काळी-पांढरी? दोन्हींच्या किमती परवडत नाहीत.
– एक संग्राहक, पुणे

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारखान्यात मला मोराच्या पिसाऱ्यात सात रंग हवे असायचे आणि मालक सांगायचे, बाण्याला, म्हणजे आडव्या सुताला, चारच रंग, त्यात बसवा. मग मी निळ्याशेजारी पिवळे चौकोन असे पेरायची की दुरून हिरवं दिसावं. कॉमिक्सची जुनी छपाई नेमकी या हिशोबावर चालायची. काळ्या रेषेशिवाय शाया तीन, लाल, पिवळी आणि निळी. प्रत्येकीच्या ठिपक्यांची जाडी २५, ५० किंवा १०० टक्के. शाई अजिबात नसणं धरलं तर प्रत्येकीला चार पर्याय. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. जगातलं सगळं भय या चौसष्ट रंगांत बसवायचं! ईसीमध्ये हे काम मारी सेव्हरिन नावाची बाई करायची. पानाच्या छोट्या प्रतीवर ती रंगांचा नमुना करून द्यायची आणि त्यावरून प्रत्येक शाईची प्लेट हाताने तयार व्हायची. एखादं चित्र फारच अंगावर येणारं असलं की ती ते आख्खं गडद निळ्यात बुडवून टाकायची, असं सांगतात. तिने रंगवलेली पानं पाहताना अशा निळ्या चौकटीशी मी दरवेळी थांबते. एका रंगात सगळं झाकून टाकलं की भीती कमी होते की वाढते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२००६ पासून ‘ईसी आर्काइव्ह्ज’ नावाने जे रंगीत खंड निघत आहेत, पुढे २०१३ पासून डार्क हॉर्सने काढलेले, त्यांत रंग संगणकावर नव्याने भरलेले आहेत. गालावर चमक, आकाशात उतरत जाणाऱ्या छटा, मेणबत्तीभोवती धुरकट उजेड. छपाई सुंदर, कागद सुंदर, पण मला ते पटत नाही. जॅक डेव्हिस किंवा इंगल्स यांनी सावली शाईने आधीच काढून ठेवलेली आहे, त्यावर संगणकाने दुसरी सावली घातली की चेहरा प्लास्टिकचा होतो. चादरीवरच्या मोराला वरून स्प्रे मारल्यासारखं. फँटाग्राफिक्सने २०१२ पासून एकेका चित्रकाराचे काळे-पांढरे खंड काढायला सुरुवात केली, ते मला जास्त प्रिय.

बर्नार्ड क्रिगस्टीनची ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची गोष्ट (ईसीचं ‘इम्पॅक्ट’, १९५५) काळ्या-पांढऱ्यातच वाचा. नाझी छळछावणीचा जुना अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेला आहे आणि समोर एक ओळखीचा चेहरा येतो. क्रिगस्टीनला सहा पानं दिली होती, त्याने बारा मागितली, आठांवर तडजोड झाली. मग त्याने चौकटी उभ्या चिरून बारीक बारीक केल्या. धावत्या गाडीच्या खिडकीतून एकच माणूस चार वेळा दिसावा तशा. ते पान मी माझ्या कामाच्या टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. शिकाऊ मुलींना दाखवायची, की जागा कमी पडली तर रडू नका, चिरा.

इतकी वर्षं मी काळ्या-पांढऱ्याचीच बाजू घेत आले. मग ‘जजमेंट डे’ वाचली आणि एक पाऊल मागे घेतलं. ही १९५३ ची गोष्ट, चित्रं जो ऑर्लँडोची. तिच्यात भूत नाही, ती अंतराळातली आहे, पण प्रकाशक तोच आणि धाडसही तेच. एका ग्रहावर यंत्रमानवांची वस्ती, काही नारिंगी, काही निळे. दोघांच्या आतली यंत्रं एकसारखी, तरी निळ्यांनी वेगळ्या वस्तीत राहायचं, मागच्या बाकांवर बसायचं. पृथ्वीवरून आलेला तपासनीस हे सगळं बघतो आणि सांगतो, तुम्ही अजून आमच्यात यायला तयार नाही. परत निघाल्यावर शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो काळा माणूस असतो. आता काळ्या-पांढऱ्या आवृत्तीत नारिंगी कोण आणि निळा कोण हे डोळ्यांना कळतच नाही, शब्दांवरून समजून घ्यावं लागतं. इथे रंग हीच गोष्ट आहे. तेव्हा माझं उत्तर असं, पैसे एकाच आवृत्तीपुरते असतील तर भयकथा काळ्या-पांढऱ्यात घ्या, अंतराळकथा रंगात.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तुमचा लेख वाचून तो ही कॉमिक्स मागतो आहे. शाळेतल्या बाई म्हणतात, अशा चित्रांनी मुलं बिघडतात. देऊ का?
– एक आई, अकलूज

तुमच्या मुलाच्या बाईंचं म्हणणं नवं नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत हेच म्हणणं सिनेटपर्यंत गेलं होतं, आणि त्यातून एक आख्खा व्यवसाय कोसळला.

फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक त्या वर्षी काढलं, मुलांच्या गुन्हेगारीचा संबंध कॉमिक्सशी जोडणारं. २१ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी सुरू झाली. गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर कीफॉव्हर यांनी त्याच्यासमोर त्याच्याच मासिकाचं मुखपृष्ठ धरलं. जॉनी क्रेगचं चित्र, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं डोकं. विचारलं, हे तुम्हाला सुरुचीला धरून वाटतं का? गेन्स म्हणाला, भय-कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी, हो. डोकं अजून वर धरलं असतं, रक्त ठिबकताना दिसलं असतं, तर ते वाईट रुचीचं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हेच. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःची आचारसंहिता केली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द बंद, रक्तपिपासू, चालती प्रेतं, लांडगा-माणूस सगळे बंद. गेन्सने तिन्ही भय-मासिकं थांबवली. १९५६ मध्ये त्याने ‘जजमेंट डे’ पुन्हा छापायला घेतली तर संहितावाल्यांनी तो शेवटचा काळा माणूस बदला म्हणून अडवलं. त्याने न बदलता छापली. तो त्याचा शेवटचा कॉमिक-अंक. पुढे तो ‘मॅड’ या एकाच मासिकावर जगला.

मला वर्थम यांच्याबद्दल राग आहे, पण तो अर्धाच. या माणसाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब काळ्या लोकांसाठी मानसोपचाराचा दवाखाना चालवला, आणि शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांचं काम उपयोगी पडलं. मुलांची काळजी त्यांना खरीच होती. पण त्यांची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. ती तपासून कॅरल टिली या संशोधक बाईंनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की पुस्तकातली मुलांची निवेदनं अनेक ठिकाणी बदललेली, वाढवलेली, एकाची दुसऱ्याला जोडलेली आहेत. मुलांनी सांगितलेलं न ऐकता आपल्याला हवं ते लिहिलं, माझा राग आहे तो याचा.

हा वारा आपल्याकडेही आला होता. ब्रिटनने १९५५ मध्ये मुलांसाठीच्या हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला आणि पाठोपाठ १९५६ मध्ये भारतानेही. त्यात तरुण म्हणजे वीस वर्षांखालची व्यक्ती, आणि क्रौर्य, गुन्हे, किळसवाण्या किंवा भयंकर घटना रंगवून वाचणाऱ्याला बिघडवतील अशी प्रकाशनं त्यांच्यासाठी विकायला-वाटायला बंदी. हे कळलं तेव्हा मी चकित झाले. न्यूयॉर्कच्या सुनावणीनंतर तीन वर्षांच्या आत दिल्लीत कायदा!

आता तुमच्या मुलाचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी ही पुस्तकं देणार नाही. त्यांत नवऱ्याने बायकोचे, बायकोने नवऱ्याचे तुकडे करण्याच्या गोष्टी भरपूर आहेत. माझी भाची तेरा वर्षांची असताना मी तिला एक खंड दिला, पण आधी स्वतः वाचून तीन गोष्टींवर चिठ्ठ्या लावल्या, ‘या आपण मिळून वाचू’ म्हणून. तिने चिठ्ठीवाल्याच आधी वाचल्या, हे सांगायलाच नको. मग दोन दिवस प्रश्न विचारत होती. त्यातला एक मला अजून आठवतो. “आत्या, यांत मेलेली माणसं परत येतात ती नेहमी ज्याने अन्याय केला त्याच्याचकडे का येतात?” तुम्हीही शेजारी बसा, आणि बाईंनाही एक खंड वाचायला द्या.

इतिहासाचं कुठलं पुस्तक आधी वाचावं?
– ग्रंथपाल, बार्शी

डेव्हिड हेडू यांचं ‘द टेन-सेंट प्लेग’, २००८ चं. वर लिहिलेला सगळा प्रकार त्यात गोष्टीसारखा आहे, आणि अमेरिकन गावांतल्या शाळांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या ते वाचताना तुम्हाला ग्रंथपाल म्हणून वाईट वाटेल. चित्रं मुख्य हवी असतील तर जिम ट्रॉम्बेटा यांचं ‘द हॉरर! द हॉरर!’ घ्या, त्यात ईसीबाहेरचे प्रकाशकही भेटतात. वाचनालयासाठी एकच घ्यायचं असेल तर हेडू.

सोलापूरच्या उन्हात ही पुस्तकं टिकतात कशी? माझी पिवळी पडली.
– एक वाचक, जुळे सोलापूर

पिवळं पडतं ते वर्तमानपत्री कागदाचं. त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहून जातं, ऊन आणि हवा लागली की ते काळवंडतं आणि कागद आम्लाने कुरकुरीत होतो. आपल्याकडे कोकणासारखी बुरशी नाही ही कृपा, पण मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते, हात लावून बघा. स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ पीव्हीसी पिशव्या नकोत, त्या उष्णतेत चिकटतात आणि त्यांतून आम्ल सुटतं. पॉलिस्टरची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर आम्लविरहित कागदात गुंडाळा. जाड गुळगुळीत कागदाचे खंड उभे ठेवले की पानांच्या वजनाने शिवणीतून खाली झुकतात, ते आडवे ठेवा, चारापेक्षा जास्त एकावर एक नको. कसरीसाठी मी वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवते, पुस्तकाला न टेकवता. आमच्या भागात यंत्रमागांचा कापूस हवेत तरंगत असतो, तो पानांत बसला की ओल धरतो, म्हणून दर आठवड्याला कोरड्या मऊ ब्रशने वरच्या कडा झाडते. ओलं फडकं कधीच नाही.

मराठीत असं काही नव्हतंच का? आमच्या माळ्यावर वडिलांचा मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला आहे. रद्दीवाला किलोचा भाव सांगतो.
– एक वाचक, अशोक चौक

आधी रद्दीवाल्याला परत पाठवा.

मराठीत भय कमी नव्हतं. नारायण धारप होते, रत्नाकर मतकरी होते, ‘चांदोबा’त दर महिन्याला प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा विक्रम होता. चित्र-चौकटींतली मराठी भयकथा मात्र माझ्या कपाटात एकही नाही, ती जागा मी रिकामी ठेवली आहे. इंद्रजाल १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. त्यातल्या फँटम या नायकाला मराठीत ‘वेताळ’ हे नाव दिलं होतं, आणि नाव वाचून मी लहानपणी तो भूतच समजले होते. १९७८ च्या गड्ड्याच्या जत्रेत वडिलांनी पाळण्याऐवजी मला एक जुना अंक घेऊन दिला. वडील गिरणीत होते, त्या महिन्यात पगार अर्धाच झाला होता, दोन्ही जमणार नव्हतं. घरी येऊन दिव्याखाली उघडला तर मुखपृष्ठ फाटलेलं आणि मधली पानं निघालेली. वेताळ कड्यावरून उडी मारतो, आणि पुढच्या पानावर एकदम गुहेत हसत बसलेला. मध्ये काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. अंकाचं नावही माहीत नाही.

गठ्ठ्याची सुतळी कापा, ओढून सोडू नका, कडा फाटतात. एकेक अंक सुटा करून सावलीत दोन दिवस पसरा. सेलोटेप लावू नका, इस्त्री तर नकोच. पिना गंजल्या असतील तर नखाने उचकटू नका, तसंच राहू द्या. अंकाचा क्रमांक, वर्ष आणि पानं पूर्ण आहेत का, एवढं वहीत लिहा. विकायचं की ठेवायचं ते त्यानंतर ठरवा.

आणि विकणार असाल किंवा नसाल, संपादकांकडून माझा पत्ता घ्या, मला एकदा बघू द्या. वेताळाचे अंक वेगळे काढून ठेवा. त्यांत कड्यावरून उडी मारलेली कुठे दिसली, तर त्याच्या पुढचं पान जागेवर आहे ना, तेवढं बघून ठेवा.